टाचेवरचा डाग

आमच्या हॉस्पिटलच्या त्वचाविभागात तिला सगळे दिवेवाली म्हणत. हे नाव एका म्हाताऱ्या पेशंटनं पाडलं. त्याच्या पाठीवरचा तीळ तिनं मशीनच्या उजेडात तपासला होता. पुढच्या खेपेला आला तो दारातूनच विचारत आला, “ती दिवेवाली बाई कुठंय?” आम्ही हसलो, तीही हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मी त्याच विभागात नर्स होते. माझी ड्रेसिंगची खोली तिच्या खोलीला लागून, मधे नुसता पडदा. तिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते अर्धं पडद्यापलीकडून कानावर आलेलं आणि अर्धं चहा पिताना तिनंच सांगितलेलं.

तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आई लवकर गेली. धाकटा भाऊ तेव्हा धड चालतही नव्हता. वडील दिवसभर कुठल्यातरी दुकानाच्या दारात स्टुलावर उभे, म्हणून भावाला कडेवर घेऊन हिंडायचं काम हिच्याकडे आलं. ती स्वतःच एवढीशी, त्यामुळे तिच्या कडेवरून त्याचे पाय जवळजवळ जमिनीला टेकायचे, असं ती सांगायची. पुढे तो उंच होतच गेला. शाळेतच त्याला ‘शिडी’ म्हणायला लागले. वडिलांनी त्याला अक्षरं काढायला शिकवून पाहिलं, पण त्याचा ‘क’ ‘फ’सारखा दिसायचा आणि ‘फ’ कशासारखाच नाही. शेवटी वडिलांनी हात टेकले. भिंती मात्र तो अशा रंगवायचा की ब्रशचा एक फटकारा दिसायचा नाही. त्यानं तोच धंदा धरला. आमचे लोक गमतीनं म्हणायचे की शिडीच शिडीवर चढते.

दिवेवाली रंगाच्या दुकानात लागली. गिऱ्हाईक जुन्या पडद्याचा, नाहीतर भिंतीच्या पोपड्याचा तुकडा घेऊन यायचं आणि म्हणायचं, अस्साच रंग हवा. दुकानात त्यासाठी एक छोटं मशीन होतं. तुकड्यावर ते टेकवलं की उजेड पडायचा, परत आलेला उजेड मशीन मोजायचं आणि कुठला रंग किती घालायचा ते सांगायचं. ती त्यात तरबेज झाली. आमच्या विभागाच्या मुख्य डॉक्टर, म्हणजे मॅडम, घराच्या भिंतीसाठी रंग घ्यायला तिथं गेल्या होत्या. ट्यूबलाइटखाली हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन पांढऱ्यांपैकी एक उन्हात नेल्यावर पिवळट कसा दिसतो, हे तिनं त्यांना दुकानाबाहेर नेऊन दाखवलं. मॅडमच्या ते लक्षात राहिलं. पुढे वयामुळे मालकाला दुकान झेपेना आणि ते बंद झालं. नेमकं त्याच सुमारास आमच्याकडे उजेडाचं मशीन आलं होतं. मॅडमनी तिला बोलावून घेतलं, शिकवलं, आणि ती आमची झाली.

मशीन म्हणजे टेबलावर मावेल असा करडा डबा. त्यातून एक लांब काळी वायर निघायची, तिच्या टोकाला पेनासारखी नळी आणि नळीच्या तोंडाशी काच. खोलीतला दिवा घालवायचा, पडदा ओढायचा, तीळ किंवा डाग स्पिरिटनं पुसायचा आणि नळी त्यावर अलगद टेकवायची. दाबायची नाही, कारण दाबलं की तिथलं रक्त बाजूला सरतं आणि सगळं मोजमाप चुकतं. नळीतून उजेड कातडीत शिरायचा, आतून फिरून परत यायचा. येताना तो बदललेला असायचा. आतलं रक्त, आतला काळेपणा, आतल्या पेशी, प्रत्येकजण त्यातला आपापला वाटा ठेवून घ्यायचा. जे उरायचं त्याची मशीनच्या स्क्रीनवर एक नागमोडी रेघ उमटायची. मग कॉम्प्युटर ती रेघ आधीच्या हजारो रेघांशी ताडून बघायचा आणि खाली एक पट्टी दाखवायचा. काळजी नको असेल तर हिरवी, शंका असेल तर पिवळी, आणि कॅन्सरसारखं दिसत असेल तर लाल.

पण ती पट्टी पेशंटला दाखवायची नाही, असा नियम होता. मशीनची अजून चाचणी चालली होती. मॅडम स्वतः डाग बघायच्या, गरज वाटली तर त्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवायच्या, आणि खरं काय ते तो तुकडा सांगायचा. मशीन बरोबर निघालं की चुकलं, हे मागाहून ताडून बघायचं. आणखी एक नियम होता. तळहात आणि तळपाय यांना नळी लावायची नाही. तिथली कातडी जाड, तिथं मशीनचा भरवसा नाही, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. तळपाय दाखवायला तसंही कोण येतंय?

सगळ्यात जड जायचं ते गप्प राहणं. एक शाळामास्तर होते, नाकाच्या बाजूला मसुरीएवढा डाग. नळी टेकवली आणि पट्टी लालभडक. मास्तर चष्मा हातात धरून बसलेले. त्यांना स्क्रीन दिसत नव्हता, पण तिचा चेहरा दिसत होता. त्यांनी विचारलं, बरं आहे ना? ती म्हणाली, मॅडम सांगतील. ते म्हणाले, तुमच्या तोंडाकडे बघून कळलं मला. त्या दिवसापासून ती चेहरा राखायला शिकली. पुट्टी मारलेल्या भिंतीसारखा चेहरा करायचा, असं ती मला म्हणाली होती. मास्तरांचं पुढे चांगलं झालं. वेळेवर कापून टाकलं, नाकाला जरा खाच राहिली एवढंच. पण माहीत असून न बोलणं तिच्या अंगवळणी कधी पडलं नाही. त्या खोलीतून बाहेर आली की ती आधी हात धुवायची आणि मग बराच वेळ नुसतीच नळाशी उभी राहायची.

शिडी अधूनमधून तिला भेटायला यायचा. शहरात कुठं काम चालू असलं की दुपारी जेवायच्या सुट्टीत, अंगावर रंगाचे शिंतोडे घेऊन. आमच्या शिपायापासून मॅडमपर्यंत सगळ्यांना हसवून जायचा. माझ्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती, ती बघून म्हणाला, “सिस्टर, ह्या भिंतीला तुमच्या विभागात दाखवा, हिलाच आधी मलम लागेल.” बहिणीशी त्याचं फार बोलणं व्हायचं नाही. तिच्या डब्यातलं खायचं आणि तिच्या स्टुलावर बसून आळस द्यायचा, त्याला तेवढं पुरायचं.

तो शिडीवर अनवाणी चढायचा. बूट घातले की पायरी कळत नाही म्हणायचा. त्याच्या डाव्या टाचेवर एक काळा डाग होता. कधीपासून, ते कुणालाच आठवत नव्हतं. शाळेचं लोखंडी फाटक काळ्या ऑइलपेंटनं रंगवताना डबा लवंडला होता, तो रंग टाचेच्या भेगेत मुरलाय, असं तो सांगायचा. घासून जात नाही म्हणजे रंग चांगल्या कंपनीचा होता, हा त्यावरचा त्याचा विनोद. त्याची बायको टर्पेंटाइननं घासून घासून थकली होती. दिवेवालीनं स्वतः तो डाग कितीदा पाहिला होता. रंगाच्या दुकानात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं, वडील पेंटर, भाऊ पेंटर. अशा घरात काळा डाग दिसला तर तो रंगाचाच असणार, असं तिलाही वाटलं.

एकदा तो लंगडत आला. शिडीच्या पायरीची कड टाचेला लागते, म्हणाला. ओपीडी संपली होती, बाकावर कुणी नव्हतं. तो तिच्या स्टुलावर बसला आणि पाय वर घेऊन टाच दाखवली. मी पडदा सारून उभी होते. डाग आता नाण्याएवढा झाला होता, एका बाजूला पसरलेला, मधे जरा उकललेला. तिनं स्पिरिट लावून पुसलं. कापूस कोराच राहिला. मग तिनं टाच हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाही.

तो म्हणाला, “लाव की तुझा दिवा. एवढ्या लोकांना लावतेस, सख्ख्या भावाला नाही?”

तळपायाला लावत नाहीत, असं ती म्हणाली. का, असं त्यानं विचारलं. कातडी जाड असते, ती म्हणाली. तो हसून म्हणाला की माझी तर सगळीकडचीच जाड आहे. मी पण हसले. तिनं माझ्याकडे बघितलं. नको म्हणावं असं मला वाटलं नाही. मॅडम वॉर्डात होत्या. तिनं दिवा घालवला, पडदा ओढला आणि नळी टाचेवर टेकवली. एकदा, मग सरकवून पुन्हा एकदा.

पट्टी हिरवी आली.

मला तिचा तो चेहरा आठवतो. तो अंधारातही दिसला, कारण स्क्रीनचा हिरवा उजेड तिच्या गालावर पडला होता. तिनं श्वास सोडला आणि चक्क हसली. आणि जे तिनं आजवर कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. स्क्रीन त्याच्याकडे वळवला. म्हणाली, “बघ. हिरवा.”

तो म्हणाला, “सुंठीवाचून खोकला गेला.” आणि चप्पल शोधायला लागला.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्याचा उघडा पाय दिसल्यावर सवयीनं त्या खाली वाकल्या, खिशातलं दिव्याचं भिंग काढलं आणि टाचेवर धरलं. भिंग फिरवून पुन्हा पाहिलं. मग उभ्या राहून म्हणाल्या की ह्याचा तुकडा काढून तपासायला हवा. आज उशीर झालाय, उद्या सकाळी पोट रिकामं नसलं तरी चालेल, पण यायचंच.

तो म्हणाला, “मॅडम, मशीन तर हिरवं म्हणालं.”

मॅडमनी मशीनकडे पाहिलं, मग दिवेवालीकडे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, “हे मशीनला विचारायचं नव्हतं.” मग त्याला समजावून सांगितलं. हातापायाच्या तळव्यावर बारीक रेषा असतात, उंचवटे आणि चऱ्या. त्याच्या डागाचा काळेपणा उंचवट्यांवर बसलाय, आणि ते त्यांना पसंत नव्हतं. उजेड इथं खोलवर पोचत नाही. मशीन शिकलंय ते लोकांच्या पाठी, दंड आणि चेहरे बघून, टाच त्याला माहीतच नाही. त्यामुळे हिरवं म्हणालं ह्याला काही अर्थ नाही. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, उद्या येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोनवर म्हणाला की टाचेला टाके पडले तर शिडीवर कसा चढू. दुसऱ्या गावात एका मोठ्या शाळेची इमारत रंगवायला मिळाली होती, शाळा उघडायच्या आत संपवायची होती. एवढं झालं की येतो.

आणि इथं मला तिची बाजू खरी सांगायला हवी, कारण ती स्वतःच काही लपवत नव्हती. पहिल्या दिवशी तिनं त्याला फारसा आग्रह केला नाही. ती मला म्हणाली, “मला पण हिरवंच खरं वाटत होतं, सिस्टर. मॅडमचं कळत होतं, पण वाटत हिरवं होतं.” रात्री झोपताना ते हिरवं तिच्या डोळ्यांपुढं यायचं आणि बरं वाटायचं. मग हळूहळू ते बरं वाटणं सरलं. ती रोज फोन करायला लागली. तो रोज हो म्हणायचा. कधी उचलायचा नाही, तेव्हा त्याची बायको उचलायची आणि म्हणायची, मी सांगते त्यांना. ती बिचारी सांगायचीही. पण नवऱ्यापुढं तिचं चालायचं ते फक्त स्वयंपाकघरात.

शेवटी दिवेवाली रजा टाकून त्या गावाला गेली. परत आल्यावर तिनं मला तिथलं सगळं सांगितलं, आणि नंतरही कितीदा सांगितलं. शाळेच्या भिंतीला बांबूची परांची बांधलेली. तो दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांजवळ, हातात रोलर. ती खालून हाका मारत होती आणि वर त्याचा मोबाइल गाणी वाजवत होता. मग त्यानं पाहिलं, हात हलवला आणि खाली उतरू लागला. उतरताना तो डावी टाच टेकवत नव्हता, चवड्यावर भार देत होता.

दोघं शाळेच्या पायरीवर बसले. तिनं समजुतीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. मॅडमनी गाडी पाठवते म्हटलंय, अशी थापही मारली. तो खाली मान घालून नखातला रंग काढत बसला. शेवटी ती म्हणाली, “माझ्यासाठी चल.”

तो म्हणाला, “ताई, तूच तर हिरवं दाखवलंस. आता तुझंच मशीन खोटं म्हणतेस?”

“हो. खोटं.”

“तू घाबरलीस म्हणून म्हणतेस.” आणि त्यानं लहानपणी तिनं त्याच्या पाठीवर थोपटावं तसं तिच्या पाठीवर थोपटलं. “एवढी एक भिंत झाली की येतो. शप्पथ.”

ती म्हणायची, मी तेव्हा त्याच्या शिडीला मिठी मारून बसायला हवं होतं. पण सहा फुटी माणसाला कडेवर घेऊन कसं आणणार? ती रिकाम्या हातानं परतली. एका शाळेचं काम संपलं, त्या शाळेच्या ओळखीनं दुसरी मिळाली. त्याच्या दृष्टीनं दिवस चांगले चालले होते.

तो आला तेव्हा जांघेत गाठ आली होती. हाताला लागेल एवढी, सुपारीसारखी. आता त्यानं विनोद केला नाही. मॅडमनी टाचेचा तुकडा काढला, मी ट्रे धरला होता. दिवेवाली पडद्यापलीकडे तिच्या खोलीत होती. त्या दिवशी तिच्याकडे पेशंट येत होते आणि ती एकेकाला विचारत होती, खाज येते का, रक्त येतं का, घरात कुणाला झालंय का. हा शेवटचा प्रश्न तिला रोज विचारावा लागायचा. त्या दिवशी मला तो ऐकवेना.

तुकड्याचा निकाल आला तो मॅडमनी तिला आधी सांगितला, भावाला मागून. मॅडमना वाटलं, ती त्याला धीर देईल. ती निकाल ऐकून उठली, खोलीत गेली, मशीनवरचं कापड काढलं, पुन्हा घातलं. मग बाहेर येऊन भावाजवळ बसली. तिला काही बोलायची वेळ आली नाही. तिच्या चेहऱ्याची भिंत पार ढासळली होती, आणि तो काही आंधळा नव्हता.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. टाचेचा बराच भाग काढून मांडीची कातडी तिथं लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. त्याची उंची कमी झाल्यासारखी वाटायची, कारण तो आता कुबडीवर वाकून चालायचा. पण आजार टाचेपाशी थांबला नव्हता. काही महिन्यांनी छातीच्या फोटोत डाग दिसले. औषधं चालू झाली, बदलली, पुन्हा बदलली. एका औषधानं त्याला इतकी खाज सुटायची की तो भिंतीला पाठ घासायचा, आणि घासता घासता त्या भिंतीचा रंग किती वाईट दिलाय ते आम्हाला सांगायचा.

दिवेवाली सकाळी आमच्याकडे, दुपारनंतर त्याच्याकडे. त्याची बायको शिवणकाम सोडून त्याच्या उशाशी. दोघीत भांडण कधी झालं नाही. पण एकदा मी त्याला बघायला गेले होते, तेव्हा तो झोपलेला असताना त्याची बायको पाण्याचा तांब्या भरता भरता, वर न बघता म्हणाली, “ताई, तुम्ही त्यांना ते हिरवं दाखवलं नसतं तर ते दुसऱ्या दिवशी आले असते का हो?”

दिवेवाली काय उत्तर देणार? हो म्हटलं तर दोष हिचा, आणि नाही म्हणावं तर तेही खात्रीनं खरं नव्हतं. त्याच्या बायकोनं तांब्यावर फुलपात्र झाकलं आणि ती कॉटच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. मला वाटतं, तिला भांडायचं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

हॉस्पिटलातही गोष्टी लपत नाहीत. आमच्या एका वॉर्डबॉयनं पाणी भरता भरता कुणाला तरी म्हटलं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दिवेवाली मागेच उभी होती. त्याला कळलं तेव्हा तो पार खजील झाला, हात जोडायला लागला. ती त्याला म्हणाली की तू चूक काही बोलला नाहीस. मग त्याचीच समजूत घालत बसली.

शेवटी शेवटी शिडीला बोलताना धाप लागायची. म्हणून तो थोडं आणि नेमकं बोलायचा. एका दुपारी बायको औषध आणायला खाली गेली होती, तेव्हा त्यानं बहिणीला जवळ बोलावलं आणि विचारलं, “ती पट्टी खरंच हिरवी होती ना? का मला बरं वाटावं म्हणून तू काहीतरी दाबलंस?”

ती म्हणाली, “खरंच हिरवी होती रे. मी काही केलं नाही.”

“मग झालं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि आता तेच घेऊन बसशील.”

हे मला सांगताना ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. तिच्या मनात आलं होतं की खोटं बोललेली असते तर निदान कबूल तरी करता आलं असतं. खरं दाखवलं होतं, आणि त्या खऱ्यानंच घात केला होता. आता माफी मागायची तर कशाची, आणि कुणाकडे?

तो एका सकाळी गेला, उजाडल्यावर, बायकोनं खिडकी उघडली त्यानंतर थोड्या वेळानं. दिवेवाली वाटेत होती. ती पोचली तेव्हा त्याच्या अंगावर चादर ओढलेली होती. उंचीला चादर पुरली नव्हती आणि पाय बाहेर राहिले होते. तिनं ते हातात धरले, आधी उजवा, मग डावा, जिथं टाचेच्या जागी मांडीची गुळगुळीत कातडी होती. मग आपली ओढणी काढून पायांवर घातली.

ती परत कामावर आली तेव्हा थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मला मशीनवर ठेवू नका, फायली लावायला बसवा, झाडू मारायला लावा, काहीही चालेल, असं तिनं सांगितलं. मॅडमनी बरं म्हटलं. तिच्या जागी दुसरी मुलगी आली. ती हुशार होती पण नळी दाबून धरायची, आणि मोजमापं चुकायला लागली. मॅडम तिला काही बोलल्या नाहीत, पण तिला पुन्हा पुन्हा मोजावं लागतंय हे दिवेवालीला शेजारच्या फायलींच्या खोलीत ऐकू यायचं. एकदा ती उठली, आत गेली, त्या मुलीचा हात धरून नळी कशी धरायची ते दाखवलं, आणि पुढचे सगळे पेशंट तिनंच केले. मग ती पुन्हा मशीनवर आली. आनंदानं आली असं नाही. दुसरं तिला काही येत नव्हतं, एवढंच.

मॅडमनी तळव्यांसाठी वेगळी चाचणी सुरू करायचं ठरवलं होतं. मशीनच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा दिवेवालीनं त्याला विचारलं की टाचेवर चालेल अशी नळी कधी मिळेल. त्यानं खूप काही सांगितलं. उजेडाच्या लहरींची लांबी बदलायला हवी, तळव्यांच्या मोजमापांच्या पुरेशा रेघा गोळा व्हायला हव्यात, त्याला वेळ लागतो, बघू. म्हणजे कधी, असं तिनं पुन्हा विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. ती बरं म्हणाली आणि त्याला चहा दिला.

भावाच्या बायकोनं पुन्हा शिवणकाम धरलं. दोघींचं बोलणं तुटलं नाही. फोन व्हायचे, आजारपणात एकमेकींकडे जाणं व्हायचं. पण दिवेवाली तिच्या घरी गेली की ती चहा ठेवायला आत जायची ती बराच वेळ बाहेर यायची नाही. मग चहा पिऊन ही उठायची. मी एकदा म्हटलं, तू स्पष्ट बोलून का टाकत नाहीस? ती म्हणाली की सिस्टर, बोलायचं काय ते सापडलं की बोलेन.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. पडद्यापलीकडे एक तिशीचा माणूस होता, टेम्पो चालवणारा, दंडावर डाग. खोलीतला दिवा गेला, नळी टेकली, सरकली, पुन्हा टेकली. त्यानं विचारलं काय आलं. मॅडम सांगतील, ती म्हणाली. मॅडम जेवायला गेल्या होत्या. त्याचा आवाज चढला. घरी बायको बाळंत व्हायची होती, त्याला इथं थांबायला वेळ नव्हता, काही नसेल तर तो गाडी घेऊन निघणार होता.

“तुम्हाला दिसतंय ना समोर? मग बोलायला काय जातं तुमचं?”

ती म्हणाली, “दिसतं ते खरं असतंच असं नाही. थांबा.”

“किती वेळ?”

“मॅडम येईपर्यंत.”

तो खुर्ची सरकवून उठला. मी पडदा बाजूला केला. तो दारात पोचला होता आणि ती त्याच्या आणि दाराच्या मधे उभी होती, हातात नळी तशीच, वायर ताणलेली. त्यानं तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली नाही. तो तिच्यापेक्षा दुप्पट होता. त्यानं तिचा खांदा धरून, धक्का न देता, तिला सरळ उचलल्यासारखं बाजूला केलं आणि तो निघून गेला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला. ती जिन्याच्या कठड्यापाशी गेली आणि तिनं वरून त्याला हाक मारली, साहेब म्हणून, मग दादा म्हणून. तो थांबला नाही.

पट्टी कुठली होती ते मी तिला विचारलं नाही. बाकावर अजून माणसं बसलेली होती. ती आत आली, नळीचं तोंड स्पिरिटनं पुसलं आणि पुढच्या बाईंना बोलावलं.